मण्यारीचे विष आणि मज्जातंतूंचे रहाटगाडगे

चैत्र सरत आला की शहापूर-मुरबाडकडील माणसाचे डोळे पावसाकडे लागतात. राब भाजून झालेले असतात, घरांच्या शाकारणीची लगबग असते, पेंढा आणि सरपण आडोशाला नेऊन ठेवलेले असते. पुढे मृगाच्या सरी आल्या, बिळांत पाणी शिरले, म्हणजे उंदीर घरात येतात आणि त्यांच्यामागून सापही येतात. या पाहुण्यांपैकी नाग, घोणस आणि फुरसे यांची ओळख आपल्याला चांगली आहे. चौथी मण्यार, ती मात्र ओळख करून न देताच काम उरकून जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय मज्जातंतूंच्या टोकाशी चालणारे एक सूक्ष्म यंत्र हा आहे. हे यंत्र इतके लहान आहे, की त्याचा आपल्या संसाराशी काय संबंध, असे कोणालाही वाटावे. म्हणून आरंभ मण्यारीपासून करतो. संबंध काय, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

माहुलीच्या पायथ्याचा किंवा माळशेज घाटाखालचा एखादा पाडा डोळ्यांपुढे आणा. घरातली माणसे भुईवर अंथरूण टाकून झोपली आहेत. मध्यरात्रीनंतर केव्हातरी मुलाला काही चावल्यासारखे वाटते. तो कूस बदलून पुन्हा झोपतो. मण्यारीचे दात बारीक असतात. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, सूज येत नाही, आगही होत नाही. पहाटे मुलाच्या पोटात कळ येते. आई ओवा देते. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात, झोप झाली नसेल असे घरच्यांना वाटते. मग घोट गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो, मान सावरत नाही आणि शेवटी छाती हलेनाशी होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील ग्रामीण रुग्णांवर उपचार करता करता मण्यारीच्या आणि नागाच्या दंशाची लक्षणे बारकाईने नोंदवून २००४ साली प्रसिद्ध केली. आपल्या भागातील डॉक्टरांना हा क्रम नवा नाही.

यातील सर्वांत भयंकर गोष्ट पुढेच आहे. असा रुग्ण निपचित पडलेला असतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, प्रकाशाला त्या दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला वाटावे की सारे संपले. पण पुष्कळदा तो आत पूर्ण जागा असतो. भोवतालचे बोलणे, रडणे त्याला ऐकू येत असते. मेंदू शाबूत, हृदय चालू, स्नायू धडधाकट; तरीही बोट हलवता येत नाही. मग बिघडले काय? मेंदूची आज्ञा निघते, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. ती जेथे अडते ते ठिकाण आज आपल्याला पाहावयाचे आहे.

मज्जातंतू स्नायूला चिकटलेला असतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः दोघांमध्ये एक फट असते. तिची रुंदी सुमारे पन्नास नॅनोमीटर, म्हणजे अशा वीस हजार फटी शेजारी शेजारी मांडल्या तर कोठे एक मिलिमीटर भरेल. या जागेला आपण मज्जासंधी म्हणू. मज्जातंतूतून येणारा संदेश विजेच्या स्वरूपाचा असतो; पण ती वीज ही फट ओलांडू शकत नाही. पलीकडे जाते ते एक रसायन. स्नायूंच्या बाबतीत त्याचे नाव ॲसेटिलकोलीन. हे रसायन तंतूच्या टोकाशी सुटे भरलेले नसते, तर अतिसूक्ष्म पिशव्यांत बांधून ठेवलेले असते. या पिशव्यांना पुटिका म्हणतात. एकेका पुटिकेचा व्यास जेमतेम पन्नास नॅनोमीटर, आणि तिच्यात रसायनाचे काही हजार रेणू.

लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून १९५०च्या सुमारास दाखवले, की हे रसायन धारेसारखे वाहत नाही, ठरावीक मापाच्या मोजक्या पुड्यांनी सुटते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुटिका दिसल्या आणि पुडी म्हणजेच पुटिका, हे पटले. कॅट्झ यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. संदेश आला की तंतूच्या टोकाची सूक्ष्म दारे उघडतात, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आणि त्या इशाऱ्यासरशी काठावर सज्ज असलेल्या पुटिका टोकाच्या आवरणाशी एकजीव होऊन आपला ऐवज फटीत ओततात. स्नायू आखडतो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने घडते.

आता एक साधे गणित करू. माणूस मिनिटाला सुमारे पंधरा श्वास घेतो. प्रत्येक श्वासाला छातीच्या पडद्याकडे जाणाऱ्या तंतूतून पंधरा-एक संदेश जातात असे धरा, आणि प्रत्येक संदेशामागे एका संधीत तीस पुटिका रित्या होतात असे धरा. पंधरा गुणिले पंधरा गुणिले तीस. मिनिटाला पावणेसात हजार पुटिका. त्या संधीत एक लाख पुटिकांचा साठा असला, तरी पाव तासात कोठार रिकामे! हे आकडे हिशेबापुरते आहेत, पण निष्कर्ष चुकत नाही. नव्या पुटिका दूरच्या मज्जापेशीतून मागवण्याइतका अवधी नसतो. तेव्हा रित्या झालेल्या पुटिकाच परत आणून, पुन्हा भरून, पुन्हा वापरल्या पाहिजेत.

विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. गाडगी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत ओततात आणि रिती होऊन पुन्हा खाली जातात. गाडगी मोजकीच, पण पाणी अखंड. मज्जासंधीतही असेच रहाटगाडगे चालते. १९७३ साली अमेरिकेत ह्यूझर आणि रीज यांनी बेडकाच्या संधीभोवतीच्या द्रवात एक खूणद्रव्य घातले आणि तंतू उत्तेजित केला. थोड्या वेळाने ते खूणद्रव्य आतल्या पुटिकांत सापडले. बाहेरचे द्रव्य पुटिकेत गेले कसे? तर पुटिका आवरणाशी एकजीव झाली, आणि मग आवरणाचाच तुकडा आत ओढला जाऊन त्याची पुन्हा पुटिका झाली, म्हणून.

तुकडा आत ओढायचा म्हणजे प्रथम आवरणाला खळगा पडला पाहिजे, मग त्याची मान आवळून तो तोडला पाहिजे. मान आवळणाऱ्या प्रथिनाचे नाव डायनॅमिन. हे प्रथिन नसेल तर काय होते, याचे उत्तर एका क्षुद्र माशीने दिले. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीची एक जात अशी सापडली, की हवा एकोणतीस-तीस अंशांवर गेली की माश्या लुळ्या पडतात आणि गारव्यात आणल्या की पुन्हा उडू लागतात. तिला जपानी शब्दावरून ‘शिबिरे’ असे नाव पडले. त्याचा अर्थ बधिरपणा. उष्णतेने या माशीचे डायनॅमिन निकामी होते. पुटिका रित्या होत जातात, पण परत येत नाहीत. रहाट एका बाजूनेच फिरतो आणि थांबतो.

हे काम परदेशातच झाले असे मात्र नाही. मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांनी सीमोर बेंझर यांच्यासह अशाच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास करून १९७६ साली तो प्रसिद्ध केला. याच संस्थेतील के. एस. कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की डायनॅमिनला मान आवळण्यासाठी जे इंधन लागते ते जागच्या जागी पुरवणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, माशीच्या मज्जासंधीत आवश्यक असते. ते विकर एका रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्यावर ठेवते. आपल्या कसारा लोकलच्या दुसऱ्या टोकापासून थोड्याच अंतरावर झालेले हे काम आहे.

आता फॉस्फेटचा विषय निघालाच आहे, तर मुख्य मुद्द्याकडे वळू. रहाटाला बैल असतो, आणि बैलामागे हाकणारा असतो. केव्हा हाकावे, केव्हा थांबवावे हे तो ठरवतो. मज्जासंधीतील या रहाटाला हाकतो कोण?

फॉस्फरस, ज्याला आपण स्फुरद म्हणतो, तो खताच्या पोत्यावर वाचून शेतकऱ्याला ठाऊक आहे. स्फुरद आणि प्राणवायू मिळून झालेला फॉस्फेट हा गट शरीरातही सर्वत्र आहे. पेशीत प्रथिनांवर असा एकेक फॉस्फेट चिकटवणारी विकरे असतात, त्यांना कायनेज म्हणतात. आणि तो काढून घेणारीही असतात, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. चिकटवण्याच्या क्रियेला फॉस्फोरिलीकरण हे लांबलचक नाव आहे. फॉस्फेटवर ऋण विद्युत्भार असतो. तो प्रथिनाच्या अंगावर बसला की प्रथिनाचा आकार किंवा त्याची पकड बदलते. ज्याला ते धरून होते त्याला सोडते, ज्याला सोडून होते त्याला धरते. फॉस्फेट काढला की पूर्ववत. प्रथिन नवे घडवावे लागत नाही, जुने मोडावे लागत नाही. केवळ एक खुंटी घालायची आणि काढायची. स्नायूंतील साखरेच्या साठ्यावर काम करताना एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९५५ साली ही युक्ती उमगली. १९९२ साली त्यांना नोबेल मिळाले. मज्जापेशींत तिचे काय काम आहे, हे न्यूयॉर्कच्या पॉल ग्रीनगार्ड यांनी आयुष्य वेचून उलगडले. त्यांना ते पारितोषिक २००० साली लाभले.

ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेत सापडलेले सिनॅप्सिन हे प्रथिन आपण उदाहरण म्हणून घेऊ. मज्जासंधीतील सगळ्या पुटिका काठावर सज्ज नसतात. बहुतेक मागे, राखीव साठ्यात असतात, आणि गोठ्यातील गुरांसारख्या एकमेकींशी व पेशीतील तंतूंशी बांधलेल्या असतात. हे दावे म्हणजे सिनॅप्सिन. संदेशांची रीघ लागली, कॅल्शियम आत आले, की काही कायनेज जागे होतात आणि सिनॅप्सिनवर फॉस्फेट बसवतात. दावे सुटते. मागच्या पुटिका काठाकडे येऊ लागतात. संदेश थांबले की फॉस्फटेज तो फॉस्फेट काढतात आणि दावे पुन्हा बसते. गरज पडेल तेव्हा साठा मोकळा, एरवी बांधलेला, उधळपट्टी नाही.

आता दुसरी बाजू पाहा. खरे नवल तिच्यात आहे. पुटिका परत आणणारी जी प्रथिने, डायनॅमिन आणि त्याचे साथीदार, त्यांच्यावर विश्रांतीच्या वेळी फॉस्फेट बसलेला असतो, आणि तो असेपर्यंत ती एकमेकांना धरू शकत नाहीत. कॅल्शियम आत आले की कॅल्सिन्युरिन नावाचे फॉस्फटेज जागे होते आणि या सगळ्या मंडळींवरचे फॉस्फेट एकदमच काढून टाकते. मग डायनॅमिन आपल्या साथीदारांशी जुळते आणि पुटिका आत ओढण्याचे काम सुरू होते. काम आटोपले की सीडीके-५ आणि दुसरे एक कायनेज पुन्हा फॉस्फेट बसवून सर्वांना पुढच्या फेरीसाठी सज्ज करतात. हे पुन्हा बसवणेही तितकेच गरजेचे; प्रयोगात ते अडवले तर पुढच्या फेऱ्या रखडतात.

लक्षात आले ना? इशारा एकच, कॅल्शियमचा. त्याच इशाऱ्याने एका ठिकाणी फॉस्फेट बसतो व पुटिका सुटतात. दुसऱ्या ठिकाणी फॉस्फेट निघतो व पुटिका परत येऊ लागतात. खर्चाचा हुकूम आणि वसुलीचा हुकूम एकाच चिठ्ठीने निघतात. म्हणूनच आपण झोपेत असलो तरी श्वासाचा जमाखर्च रात्रभर बिनचूक मिळतो. हे प्रयोग मुख्यतः उंदरांच्या मेंदूतील संधींवर झाले आहेत, आणि स्नायूंवरील संधीत तपशिलाचे काही फरक असतात, हे सांगितले पाहिजे. पण पुटिका रित्या होतात आणि पुन्हा भरून वापरल्या जातात, हे रहाटगाडगे दोन्हीकडे आहे.

आता पुन्हा त्या पाड्यावर जाऊ. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी तेथील मण्यारीच्या विषाचे घटक वेगळे केले. एक घटक स्नायूच्या बाजूला जाऊन बसतो आणि रसायन स्वीकारणारे कुलूपच बुजवतो. दुसरा तंतूच्या टोकावर घाव घालतो. आपल्याकडील मण्यारीच्या विषातही या दुसऱ्या प्रकारचे घटक असतात आणि दुखणे चिवट होते ते त्यांच्यामुळे. हा घटक स्वतः एक विकर आहे; तो तंतूच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ तोडतो. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. त्या स्निग्ध पदार्थांतही फॉस्फेट असतो, पण हे विष प्रथिनांवरील फॉस्फेटच्या खुंट्यांना हात लावत नाही. ते हाकणाऱ्याला फितवत नाही, रहाटच मोडते. आवरण बिघडले की पुटिका बाहेर फुटत राहतात, परत ओढल्या जात नाहीत. कॅल्शियम अनावर आत शिरते. कोठार रिते होते, आणि शेवटी तंतूचे टोक स्वतःच झडून जाते. उंदरांवरील प्रयोगात चोवीस तासांत बहुतेक टोके नष्ट झाली, काही दिवसांनी नवे अंकुर फुटू लागले आणि सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा जोडणी झाली.

आता पहाटेची ती लक्षणे या ज्ञानाच्या उजेडात पाहा. दंशानंतर काही तास माणूस ठीक दिसतो, कारण साठा संपेपर्यंत काम चालते. पापण्या आणि घसा यांचे लहान स्नायू आधी हरतात, श्वासाचे मागाहून. आणि प्रतिविषाचे मर्मही कळते. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविष आपल्या चारही प्रमुख विषारी सापांवर चालते. पण ते पकडते ते रक्तात फिरणारे विष. जे टोक मोडले ते प्रतिविषाने जुळत नाही. ते शरीरालाच नव्याने उगवावे लागते. नागाच्या दंशात डॉक्टर निओस्टिग्मीन देतात, त्याने फटीतील रसायन अधिक वेळ टिकते व गुण येतो. मण्यारीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण रसायन सुटतच नसेल तर टिकवायचे काय? म्हणून प्रतिविष लवकर, आणि श्वास थांबू लागला तर यंत्राने किंवा हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देणे, हे दोनच खरे आधार. हा श्वास तासन्‌तास, कधी कित्येक दिवस द्यावा लागतो. पण तो दिला तर रुग्ण उठून घरी जातो. तंतूंची टोके पुन्हा उगवतात. बाहुल्या विस्फारलेल्या पाहून आशा सोडणे हा मण्यारीच्या बाबतीत सर्वांत मोठा अपराध ठरेल.

भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले आणि २०२४ साली भारत सरकारने त्यासाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आराखडे होतील, परंतु पहिला तास पाड्यावरच जातो. तो भगताच्या ओट्यावर गेला, तर त्या अवधीत विष रक्तातून तंतूंच्या टोकांकडे जात असते. मंत्र लागू पडला असे जेव्हा दिसते, तेव्हा चावलेला साप बहुधा बिनविषारी असतो. मण्यारीसारखाच पट्टेदार दिसणारा कवड्या त्यांपैकीच. जखम कापून, चोखून किंवा दोरीने करकचून काही साधत नाही. चावलेला भाग हलू न देता, माणसाला धीर देऊन, १०८ला दूरध्वनी करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात पहाटे एखाद्याच्या पोटात अकारण कळ आली आणि पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण नसली तरी मण्यारीची शंका घ्यावी. आणि मुळात जमिनीवर झोपू नये. बाज वा खाट नसेल तर निदान मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे आढळले आहे.

फळमाशी का लुळी पडते, बेडकाच्या तंतूत खूणद्रव्य कोठे जाते, प्रथिनावर फॉस्फेट केव्हा बसतो, असले प्रश्न विचारणाऱ्यांना लोक रिकामटेकडे म्हणत असतील. पण श्वास बंद पडलेल्या मुलाच्या उशाशी बसून रात्रभर पिशवी दाबणाऱ्या डॉक्टरला आपण व्यर्थ श्रम करीत नाही, हा भरवसा याच ज्ञानाने दिला आहे. रहाट मोडला आहे, विहीर आटलेली नाही. गाडगी पुन्हा बांधली जाईपर्यंत तेवढे पाणी हाताने शेंदायचे, इतकेच.